आखाजीपर्यंत थांबलेलं विमान

साल एकोणीसशे त्र्याण्णव. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो आणि मोटर वाइंडिंगमध्ये माझा हात धरणारा माणूस जळगावात नव्हता. ही फुशारकी नाही. सावद्याचे केळीवाले जळालेली मोटर ट्रॅक्टरात टाकून माझ्याकडे आणायचे, वाटेतली चार दुकानं सोडून. मी एकदा बांधलेली मोटर कधी परत आली नाही. आली तर ती विहिरीत बुडून आली, माझ्या कामाने नाही.

दुकान मेहरूणच्या रस्त्याला, खाली. वरच्या खोलीत तो.

वर त्याचा कंप्युटरचा क्लास होता. दोन यंत्रं, सहा खुर्च्या, एक फळा. चार वाजता क्लास सुटला की तो दार लोटून घ्यायचा आणि विमान उडवायचा. कंप्युटरातलं विमान. लढाईच्या विमानांचा खेळ असतो, काचेवर आभाळ दिसतं, खाली जमीन, आपण उडवायचं, दुसऱ्याचं पाडायचं. हा पाडायचा नाही. हा फक्त वर न्यायचा आणि खाली उतरवायचा. वर न्यायचा आणि उतरवायचा. गोळी म्हणून त्याने कधी झाडली नाही.

धुळ्याचा माणूस, पंधरा वर्षं हवाई दलात काढून आलेला. बायको-पोरं नाहीत, एक बहीण धुळ्याला. लोक त्याला तोंडावर ‘पायलट’ म्हणायचे, चेष्टेने. तो दर वेळी तितक्याच गंभीरपणे दुरुस्त करायचा.

“पायलट नाही. फिटर. पायलट वर जातो. फिटर खाली मान वर करून उभा राहतो.”

खेळ सुरू करायच्या आधी तो हात साबणाने धुवायचा, चपला दाराबाहेर काढायचा आणि हातात बॅटरी घेऊन टेबलाला एक फेरी मारायचा. वायर ओढून बघायची. टेबलाचा पाय हलवून बघायचा. खाली वाकून काय बघायचा ते देवाला ठाऊक, तिथे झुरळाशिवाय काही नव्हतं. मग प्लगला बांधलेली लाल फीत सोडून खिशात टाकायची. फीत खिशात गेल्याशिवाय बटणाला हात नाही. मी एकदा विचारलं, “साहेब, हे कंप्युटर पडलं तर किती पडेल? अडीच फूट.” तो म्हणाला, “सवय अडीच फुटांवर सुटली की तीस हजार फुटांवरही सुटते.”

माझ्या दुकानात चहाला बसला की त्याची नजर पान्यांवर.

“मिस्त्री, सतराचा पाना दिसत नाही.”

“असेल कुठेतरी.”

“कुठेतरी असं ठिकाण नसतं. आत राहिलेला पाना माणूस मारतो.”

“साहेब, ही शेतनी मोटर शे. हाई काय आकाशमा जास का?”

“शोध.”

आणि मी, ज्याने बापाचंही ऐकलं नाही, तो गुडघ्यावर बसून पाना शोधायचो. सापडला की तो चहा संपवायचा, आधी नाही. चहा निवून पाणी व्हायचा. माझी बायको म्हणायची, “हाऊ मानूस बठ्ठा उलटा शे.” पण त्याच्यासाठी चहा तीच पाठवायची.

त्याचा खरा छंद उडवण्याचा नव्हताच. वाट बघण्याचा होता. इंग्लंडातलं एक मासिक मुंबईचा कोणी ओळखीचा त्याला पाठवायचा, तीन-चार महिने शिळं. त्यात शेवटच्या पानांवर यादी असायची, खेळाच्या पुढच्या डिस्कमध्ये कोणकोणती नवी विमानं येणार त्याची. मासिक तो शेवटून उघडायचा. यादीवर बोट ठेवून खाली यायचा, आणि बोट खाली पोचलं की मासिक मिटायचा.

“नाही?”

“नाही. रशियाची दोन, अमेरिकेची तीन. आपली चिमणी नाही.”

चिमणी म्हणजे एका माणसाचं बारकं लढाऊ विमान. हा नोकरीत होता तेव्हा त्याच्या हाताखालून जायचं. त्याचं खरं नाव इंग्रजी आहे. मला ते म्हणता येत नाही आणि तो म्हणायचा नाही. बाकी जगातली सगळी विमानं खेळात येऊन गेली, हेच येईना. त्याने खेळ बनवणाऱ्यांना पत्रं लिहिली. पट्टी लावून काढलेली चित्रं पाठवली, शेपटीला किती रिव्हेट असतात तेही लिहिलं. त्यांचं एकदाच उत्तर आलं, छापील कार्ड, सूचनेबद्दल आभारी आहोत. ते त्याने काचेत बसवून देवाशेजारी टांगलं.

मी म्हणालो, “साहेब, गणपतीसुद्धा वर्षाला एकदा येतो. तुमची चिमणी कोणत्या झाडावर बसली आहे?”

तो चिडला नाही. म्हणाला, “तू आखाजीच्या आधी आंबा खातोस का?”

“नाही.”

“का?”

“पितरांना दाखवल्याशिवाय कसा खायचा?”

“मग झालं तर. मी पण थांबलोय.”

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरतात. घागरीवर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबे. तोवर नवा आंबा तोंडाला लावायचा नाही. एवढं मलाही कळत होतं. पण मी बघत होतो, हा आखाजीनंतरही आंबा खात नव्हता. माझी बायको रस पाठवायची, वाटी तशीच खाली यायची.

तीन वर्षं वर-खाली राहिल्यावर एका दुपारी, वीज गेलेली असताना, त्याने सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने एका चिमणीच्या शेपटीचं काम केलं होतं. तिथल्या सांध्यात बोल्ट असतो, बोल्टच्या भोकात पिन घालायची आणि तिचे दोन पाय उलटे वाकवायचे, म्हणजे ती निघत नाही. विमान वर गेलं, अर्ध्या तासाने परत आलं, चाकं खाली सोडली आणि धावपट्टीच्या अलीकडे त्याने एकदम नाक खाली घातलं. चोवीस वर्षांचा साहेब होता आत. जाताना याला म्हणाला होता, आलो की आंबे खाऊ, आईने पेटी पाठवली आहे.

चौकशी झाली. राखेत पिन सापडली नाही, पिन नव्हती असंही सापडलं नाही. कारण कळलं नाही, असं कागदावर आलं. याला कोणी एक शब्द बोललं नाही.

“पिन मी घातली. ते आठवतं,” तो म्हणाला. “पाय वाकवले का, ते आठवत नाही. रोज वाकवायचो म्हणून त्या दिवशीही वाकवले असतील. पण हाताला आठवत नाही, मिस्त्री.”

बाकीचे फिटर म्हणायचे, ते विमानच तसलं होतं, चाकं सोडली की नाकाने दगा द्यायचं. याला ते खरं मानायचं होतं, पण पुराव्याशिवाय मानणारा तो माणूस नव्हता. आणि त्याच्या डोक्यात असं बसलं होतं की हे खेळवाले प्रत्येक विमानाचे मूळ कागद मिळवतात, उडवलेल्या लोकांना विचारतात, विमान जसं होतं तसंच उतरवतात. चिमणी आली की ती आपण उतरवून बघायची. तिने आपणहून नाक खाली घातलं तर विमान दोषी. नाही घातलं तर तो. साहेबाची आई नाशिकला होती. तिला तोंड दाखवायचं की नाही हे त्या डिस्कवर ठरणार होतं.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की साहेब, खेळ तो खेळ, कोणा पोराने टेबलावर बसून केलेला. नाही म्हणालो. मलाही ते पटलं होतं.

त्या वर्षी यादीत चिमणी आली. मग पुढच्या अंकात लांबली. मग आणखी लांबली. त्या दिवसांत तो दिवसातून दोनदा दाढी करायचा आणि पोस्टमनला लांबून बघून उभा राहायचा. आखाजीला महिना उरला असताना पाच डिस्कचं पाकीट आलं. मला वाटलं, आता हा जिना चढून थेट उडवायला बसेल. त्याने पाकीट देवापुढे ठेवलं.

“आखाजीला,” तो म्हणाला. “साहेबाची घागर भरून मग. आणि हे बटणं दाबून नाही उडवायचं. खरी काठी पाहिजे, विमानात असते तशी. तू करशील?”

मला कोणी ‘करशील?’ असं विचारलं की मी चिडतो. म्हटलं, “काय लागेल ते लिहून द्या.”

त्याने चिठ्ठी दिली. दोन व्हॉल्यूम पाहिजेत, रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचा असतो तसला भाग, काठी हलली की ते फिरतात आणि विमानाला कळतं. चिठ्ठीवर शंभर आकडा होता, तो मी वाचला. पुढे इंग्रजीत आणखी एक शब्द होता. तो मला आला नाही. विचारायला तोंड उघडलं असतं तर धड वाचता येत नाही हे कळलं असतं, आणि मी दुकानात रोज पेपर उघडून बसणारा माणूस. माझ्याकडे एक जुना रेडिओ होता, त्यातले व्हॉल्यूम शंभराचेच होते. ते लावले. सायकलची मूठ, टेबलफॅनचा सांधा, पितळी बुश, स्प्रिंगा. अशी काठी झाली की सोडली की आपोआप मध्ये येऊन उभी. तो ती हातात घेऊन बराच वेळ बसला.

“दुसऱ्या एखाद्या विमानावर चालवून बघा,” मी म्हणालो.

“नाही. या काठीचा पहिला घास चिमणीचाच.”

तिथे मी हट्ट धरला असता तर पुढचं काही झालं नसतं. कोणतंही विमान त्या काठीवर पाच मिनिटं चालवलं असतं तरी कळलं असतं. पण आखाजीआधी आंबा कापा म्हणून कसं सांगायचं? आमच्यात ते कोणी सांगत नाही.

आखाजीला त्याने त्या मेलेल्या साहेबाची घागर भरली, आमच्या घागरीच्या शेजारी. बायको पुटपुटली, “नातं नही, गोतं नही, आनी घागर भरस.” पण पाट तिनेच मांडला. दुपारी तो वर गेला, मला घेऊन. फेरी मारली, फीत खिशात टाकली. कंप्युटरशेजारी एक आंबा ठेवला, न कापलेला.

चिमणी वर गेली, छान गेली. परत वळली, चाकं सोडली, समोर धावपट्टी. त्याने काठी इतकीशी पुढे केली, करंगळीएवढी, आणि विमानाने नाक खाली घातलं ते जमिनीतच. पुन्हा. पुन्हा तेच. दहा वेळा केलं त्याने, दहाही वेळा तिथेच, तसंच.

“बघितलंस?” तो म्हणाला. “मी काही केलं का? सांग ना. मी इतकंसं पुढे केलं. तो पण इतकंसंच करणार, उतरताना करावंच लागतं. ती आपणहून जाते, मिस्त्री! ती आपणहून जाते!”

मग त्याने आंबा हाताने फोडून सालीसकट खाल्ला. पंचवीस वर्षांनी. रस कोपरावरून टेबलावर गेला, आणि ज्या टेबलाला तो हात न धुता शिवायचा नाही त्यावर तो डोकं ठेवून रडला.

पुढचे दिवस त्याला कोणी ओळखलं नसतं. क्लासच्या पोरांना विनोद सांगायचा. माझ्याकडे चहा गरम प्यायचा, पाने न मोजता. नाशिकची तारीख ठरवली, आंब्याची पेटी सांगून ठेवली.

आखाजीनंतर दहा-बारा दिवसांनी मी एका रेडिओसाठी व्हॉल्यूम घ्यायला बाजारात गेलो. दुकानदार मारवाडी, जुना ओळखीचा. त्याने विचारलं, “काका, आवाजाचा देऊ की सरळ?”

“त्यात दोन प्रकार असतात?”

तो हसला. “एवढी वर्षं धंदा करता आणि काय विचारता? आवाजाचा आधी हळू वाढतो, मग एकदम उसळतो. कानाला तसाच लागतो. मापाचं काम असेल तर सरळ लागतो. दिसायला दोन्ही सारखे.”

माझ्या पाकिटात ती चिठ्ठी होती. काढून दिली. त्याने वाचली.

“हे तर सरळ सांगितलं आहे. स्पष्ट लिहिलंय.”

म्हणजे काठी मागे ओढली तर विमान सावकाश वर, आणि करंगळीभर पुढे केली तर धाडकन खाली. चिमणीने काही केलं नव्हतं. मी केलं होतं. सरळ व्हॉल्यूमची जोडी घेऊन मी घरी आलो आणि दोन दिवस गप्प बसलो. गप्पच बसायचं ठरवलं होतं. एक माणूस आंबा खायला लागला होता, आपलं काय जातं?

तिसऱ्या दिवशी, नाशिकच्या आदल्या दुपारी, दुकानाच्या पायरीवर चार-पाच जण बसले होते, केळीवाले, शेजारचा टायरवाला. तो जिन्यावरून उतरला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना म्हणाला, “बघा, विलायतेतल्या इंजिनियर लोकांनी विमान बनवलं ते खोटं निघालं, आणि आमच्या अडाणी मिस्त्रीने काठी बनवली ती अचूक!”

लोक हसले. कौतुकानेच म्हणाला होता तो. मला एकच शब्द ऐकू आला, अडाणी.

“काठी अचूक नाही, साहेब,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“व्हॉल्यूम चुकीचे लागले आहेत. तुमचं विमान नाक खाली घालत नाही. माझी काठी घालते.”

टायरवाला म्हणाला, “अरे, मग पायलटसाहेब उगाच रडले का?” आणि पुन्हा हसला. बाकी कोणी हसलं नाही.

आजवर मी लोकांना सांगत आलो की मी खरं बोललो. खरं बोललो, खऱ्यासाठी नाही बोललो. मला तो शब्द परत द्यायचा होता.

वर जाऊन मी नवे व्हॉल्यूम बसवले. त्याने टेबलाला फेरी मारली नाही. चिमणी वर गेली, वळली, चाकं सोडली आणि धान्याच्या कणगीवर चिमणी बसावी तशी उतरली. पाच वेळा. सहाव्या वेळी त्याने काठीला हात जवळजवळ लावलाच नाही, तरी उतरली. त्याने यंत्र बंद केलं, वर कापड घातलं, काठीची वायर काढून काठी माझ्याकडे दिली.

“ही घेऊन जा.”

“साहेब, खेळच आहे हा...”

“बरं केलंस सांगितलंस,” तो म्हणाला. मग लहान पोराने विचारावं तसं विचारलं, “पाय वाकवले नसतील का रे मी?”

काठी काखेत मारली. मी जिना उतरलो.

तो नाशिकला गेला. ते मला पुढे त्याच्या बहिणीकडून कळलं, धुळ्याला, तो वारल्यावर त्याच्या दहाव्याला. त्या म्हाताऱ्या आईने त्याला पाणी दिलं, बसवलं. याने हात जोडून सांगितलं, तुमच्या मुलाला मी मारलं. पंचवीस वर्षं त्या बाईने देवाला दोष दिला होता आणि देवाशी तिचं भागत आलं होतं. त्या दिवसापासून तिला दोष द्यायला माणूस मिळाला. दर महिन्याला तिचं पत्र यायचं, तूच मारलंस ना म्हणून. हा ते उभा राहून वाचायचा, बहीण म्हणाली, आणि उत्तर पाठवायचा, ‘होय’. क्लास त्याने महिन्याभरात मोडला होता. माझ्याशी पुन्हा बोलला नाही, आणि मीही गेलो नाही. मी कशाला जाऊ? मी काय खोटं बोललो होतो?

पण त्या दुपारनंतरची, तो नाशिकला निघाला ती सकाळ मी कोणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

उजाडताच दुकान उघडलं. काठी खोलली, सरळ व्हॉल्यूम काढले आणि जुने, आवाजाचे, परत बसवले. सोल्डर मारलं. जाणूनबुजून चुकीचं काम जन्मात केलं ते एवढंच. काठी गोणपाटात गुंडाळून सायकल हाणत स्टँडवर गेलो. नाशिकची गाडी लागली होती. तो खिडकीत होता. आंब्याची पेटी बरोबर नव्हती.

“साहेब, उतरा. त्या दुकानदाराने मला बनवलं. जुनेच बरोबर होते. हे बघा, परत लावून आणले.”

मी गोणपाट सोडून काठी खिडकीशी धरली.

“माझं चुकलं. चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते मला वाचताच आलं नाही. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही मला. माझ्यासारख्याच्या बोलण्यावर तुम्ही कुठे निघालात?”

गाडीतली माणसं खिडक्यांतून वाकायला लागली. त्याने हात बाहेर काढून काठीची मूठ धरली. पुढे लोटली, मागे ओढली, सावकाश, डोळे मिटून.

“हाताला दोन्ही सारख्याच लागतात,” तो म्हणाला, आणि मूठ सोडली.

कंडक्टरने घंटी दिली. गाडी मागे सरकली, वळली. सायकल तिथेच पडलेली. मी काठी वर धरून गाडीच्या बाजूने पळत होतो आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडत होतो, “तिसरी शिकलोय मी, साहेब! फक्त तिसरी!” फाटकापर्यंत पळालो.